पहिलं पाणी

“हे मूळचं नाही हं, मॅडम,” असं म्हणत टेरेलने तो तुकडा माझ्या हातात दिला. शेजारणीने काकडीच्या लोणच्याची बरणी पुढे केल्यावर करावा तसा मी सहज हात पुढे केला होता, पण तो तुकडा इतका जड होता की हात खालीच गेला. वीतभर लांबीचा, मातीने माखलेला पाइप, आणि मधोमध एक फुगीर सांधा, दोन्हीकडे हळूहळू निमुळता होत गेलेला. करवतीने कापल्या जागी तो लख्ख चमकत होता. टेरेल हा शहराच्या कामावरचा मुकादम. सकाळपासून त्याची माणसं आमच्या दारापुढची हिरवळ खणत होती. “आधी इथे लोखंडी पाइप होता,” तो म्हणाला, “त्याचं थोटूक अजून भिंतीपाशी मातीत आहे. नंतर कुणीतरी मुद्दाम तो काढून हा शिशाचा घातलाय. आणि कारागीर म्हणजे कारागीर होता बरं का. सांधा बघा. शिशाचा तापलेला रस कापडाने पुसत पुसत हातानेच असा घडवायचे. आमच्या जुन्या उस्तादांना यायचं. आता शोधलात तरी माणूस मिळायचा नाही.” मी “हो का,” म्हणाले. तो सांधा कुणी केला ते मला माहीत होतं. मी आठ वर्षांची होते आणि त्याच खड्ड्याच्या काठावर विजेरी धरून उभी होते. आणि हे मी साफ विसरून गेले होते.

विसरले होते म्हणजे कसं, तर शिकागोत आमच्या भागात शिशाचे पाइप घरोघर आहेत, जसे तळघराचे जिने आहेत, जशी खिडकीतली मेरीमाता आहे. जुनं घर, जुने पाइप, घराबरोबर आलेले, कुणाच्या हातचे नव्हेत. गेली काही वर्षं शहराची पत्रकं यायची, शिसं मुलांच्या डोक्यावर परिणाम करतं म्हणून, आणि मी ती वाचून मान डोलवायचे. शेजारच्या चेलोच्या नातीबद्दल वाईट वाटायचं, कारण ती अजून बाटलीने दूध पिते. माझ्या भावाची, झेनेकची, आठवणही व्हायची नाही. झेनेक साठीचा आहे. त्याला कोण मूल म्हणेल. तो असाच आहे, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत आलो की त्यात कारण शोधायची जागाच उरली नव्हती. आता तो पाइप हातात धरून मी उभी होते, आणि तो लोखंडी पाइप आठवला, त्याचं तांबडं पाणी आठवलं, बादली आठवली, आणि मी फाटकाला धरलं.

बादली जस्ताची होती. आमच्या आधी ज्याचं घर होतं त्याने पैसे वाचवायला चोरून लोखंडी पाइप टाकला होता, नियमात नसताना, आणि तो आतून गंजलेला होता. रात्रभर पाणी त्यात थांबलं की सकाळी नळातून चहासारखं यायचं. म्हणून आमच्या घरात एक रीत होती: जो पहिला उठेल त्याने नळ सोडायचा, बादली भरायची आणि ती पायऱ्यांवर ओतून यायचं. पहिलं पाणी कुणी प्यायचं नाही. थंडीच्या दिवसांत त्या पायऱ्यांवर बर्फ जमायचा आणि पोस्टमन आमच्या नावाने बोटं मोडायचा. मग आईला दिवस गेले, आणि एक दिवस तिने ती बादली तातोंच्या पुढ्यात ठेवली. तातो म्हणजे आमचे वडील, प्लंबर, युनियनचं कार्ड खिशात बाळगणारे, आणि स्वतःच्या घरचा पाइप बदलायला ज्यांना कधी वेळ झाला नव्हता. “ह्या पाण्यात माझ्या बाळाचं दूध कालवायचं नाही,” आई म्हणाली, “नळवाल्याच्या बायकोला गंज प्यायला लावता, लाज वाटू द्या.” तातो हसले. त्या उन्हाळ्यात कामावरून आल्यावर रोज ते खणायचे, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर त्यांचे युनियनमधले दोस्त बिअरचे डबे घेऊन यायचे, आणि त्या सगळ्यांनी मिळून रस्त्यापासून घरापर्यंत नवाकोरा पाइप टाकला. शिशाचा. शहराचा नियमच तसा होता, घराचा पाइप शिशाचाच पाहिजे. तातो म्हणायचे, आता कुणी बोट दाखवायला नको, सगळं कायद्याने झालं. शेवटचा सांधा करताना त्यांनी मला बोलावलं. “हालिन्का, उजेड इकडे. हलवू नकोस.” ते तेलकट जाड कापड हातात घेऊन त्या रसाला असे गोंजारत होते की मला आईच्या पोटावरचा त्यांचा हात आठवला.

दुसऱ्या दिवशी आईने पहिला ग्लास भरून खिडकीशी धरला. इतकं नितळ पाणी आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या थेंबापासून नितळ. बादलीची गरजच संपली, ती तळघरात बटाट्यांसाठी गेली. पाणी फुकट घालवणं आईच्या जिवावर यायचं, ती खेड्यातली, विहिरीवरून पाणी आणलेली. त्यामुळे झेनेक झाल्यावर रोज पहाटे ती उठायची, रात्रभर त्या पाइपात थांबलेलं ते थंडगार पहिलं पाणी किटलीत घ्यायची, उकळायची, आणि त्यात दुधाची पावडर कालवायची. शहराच्या पत्रकावर हे स्पष्ट लिहिलं होतं. रात्रभर थांबलेलं पाणी सगळ्यात वाईट, सकाळी नळ थोडा वेळ वाहू द्या, उकळून शिसं जात नाही. ते पत्रक मीच फ्रिजवर चिकटवलं होतं. म्हणजे गंज होता तोवर आम्ही पहिलं पाणी फेकत होतो, आणि विष आलं त्या दिवशी फेकायचं थांबलो. कारण ते दिसायला चांगलं होतं. मला एकदम हसू फुटेल की काय असं वाटलं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

खड्ड्याच्या पलीकडे झेनेक उभा होता, टेरेलच्या माणसांचं पिवळं हेल्मेट घालून. त्याने सगळ्यांना कॉफी दिली होती, दोनदा, पहिल्यांदा साखर विसरला म्हणून. “ह्याला कामावर घेतलंय आम्ही, मॅडम,” टेरेल म्हणाला, “पगार कॉफीत.” झेनेक खूश होऊन हसला. त्याचं हसणं थोडं उशिरा येतं, विनोद संपून लोक पुढच्या गोष्टीकडे वळलेले असतात. शाळेत सिस्टर लोक त्याला शेवटच्या बाकावर बसवायच्या. अक्षरं आज यायची, उद्या जायची. कधी उगीचच भडकायचा, हातात असेल ते फेकायचा, आणि मग स्वतःच घाबरून टेबलाखाली बसायचा. आणि घरात काहीही फुटलं, सांडलं, हरवलं, की तातोंचा हात उठायचा. हात मोठा होता. हात उठायच्या आधीच झेनेक दोन्ही कोपर चेहऱ्यापुढे धरून म्हणायचा, “मी नाही केलं, तातो.” पुष्कळदा खरंच त्याने केलेलं नसायचं, मी केलेलं असायचं किंवा मांजराने. पण तातोंनी त्याचं ते वाक्य एकदाही खरं मानलं नाही. मोठा झाल्यावर त्याला प्लंबर करायला ते कामावर घेऊन गेले, आणि काही दिवसांनी एकटेच घरी आले, तो मागून चालत आला. “ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही,” ते आईला म्हणाले, “कुणावर गेलाय हा? तुझ्याकडे कुणी असं होतं का?” आई गप्प राहिली. ती मरेपर्यंत ह्या प्रश्नाला गप्पच राहिली, आणि मला वाटतं तिने मनातल्या मनात आपल्या माहेरची सगळी माणसं तपासून पाहिली असतील, कुठला काका, कुठली आत्या. कुणावर नाही, आई. नळावर गेला तो.

मी ठरवलं की हे तातोंना कळता कामा नये. ते नव्वदीचे आहेत. स्वयंपाकघरात खुर्चीत बसलेले असतात, रेडिओवर पोलिश कार्यक्रम ऐकतात, आणि अजून नळाची गळती आवाजावरून ओळखतात. हृदय नाजूक आहे. त्यांना पाइप जाणार याचंच वाईट वाटत असणार, वर हे कशाला. चर्चच्या तळघरात ह्या कामासाठी सभा झाली होती तेव्हा त्यांनी तमाशाच केला होता. शहराचा अधिकारी समजावत होता, की वॉशिंग्टनचा पैसा राज्याकडून शहराला आलाय, रस्त्याखालचा पाइप आणि तुमच्या जागेतला पाइप दोन्ही फुकट बदलून मिळतील, पण रस्ता एकदाच खणणार, बहुतेक मालकांनी सह्या दिल्या तरच तुमचा रस्ता आधी, नाहीतर पैसा दुसऱ्या रस्त्याला जाईल आणि पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. तातो काठीला धरून उभे राहिले. “तुमच्याच नियमाने घातले हे,” ते म्हणाले, “तेव्हा तपासायला तुमचाच माणूस यायचा, पाठ थोपटायचा. ह्या रस्त्यावरचे अर्धे पाइप माझ्या हातचे आहेत. एक तरी गळलाय का?” सगळ्यांना माहीत होतं की गळण्याचा प्रश्नच नाही, पण म्हाताऱ्याच्या तोंडाला कोण लागणार. मी त्यांना कोटाला धरून बाहेर आणलं. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही, आणि आज सकाळी यंत्रं दारात उभी राहिली तेव्हा मी समजले की सह्या पुरेशा झाल्या असतील. आमच्याकडून कुणी दिली, हे मी स्वतःला विचारलं नाही. मी दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, घरी आल्यावर मी फार प्रश्न विचारत नाही.

तेवढ्यात चेलो आली, कमरेवर नात आणि हातात मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालेसचं पातेलं, कामकऱ्यांसाठी. “हालिना, अगं अशी पांढरी का पडलीस? जेवलीस का काही?” मी पाइप पाठीमागे धरला. का, ते मलाच कळलं नाही. ती म्हणाली, “तुझ्या बाबांना बाहेर आण की. त्यांच्यामुळे तर हे झालं.” मी म्हटलं, त्यांच्यामुळे कसं? चेलोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दुसऱ्या गावात राहते. “तुला नाही सांगितलं? अगं, सभा झाली त्याच आठवड्यात आले माझ्या दारात, काठी टेकत. म्हणाले, चल माझ्याबरोबर, मला जिने चढवत नाहीत, तू बेल वाजव. रस्त्यावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांकडे गेलो आम्ही. ती मिसेस वोइचिक, ती तर दारच उघडत नव्हती, म्हणे सरकार घरात घुसतं. तर तुझे बाबा दाराच्या फटीतून तिला म्हणाले, जॅद्विगा, पाइप मी घातलाय, मी सांगतो, काढ. सही आधी त्यांनी स्वतःची केली होती, ती दाखवायचे सगळ्यांना.” नातीने माझ्या केसांना हात घातला. चेलोने तिची मूठ सोडवली. “एका दारात तर रडले गं. मला वाटलं पाय दुखतोय.”

मी पायऱ्या चढून घरात गेले. तेव्हा मला त्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आठवल्या आणि मी व्हरांड्यातच थांबले. पहिलं पत्रक आलं त्या वर्षी मी नळाला गाळणी बसवायला आणली होती. तातोंनी ती उचलून खोक्यात परत घातली. “माझ्या नळाला चाळणी नको,” ते म्हणाले, “पण त्या झेनेकला दुकानातल्या बाटल्या आणून देत जा. ग्लास फोडतो तो. त्याच्या हातात काच देऊ नका.” साठीच्या माणसाला असं म्हणणं. मी चिडले होते. काय भांडले होते मी. झेनेक मान खाली घालून बसला होता, आणि त्या दिवसापासून ह्या घरात त्याच्यासाठी बाटल्या आणि तातोंसाठी नळ. मीही बाटल्याच पिऊ लागले, सोय म्हणून. तातो मात्र रोज सकाळी पहिले उठायचे आणि नळाखाली ग्लास धरायचे. थोडाही वेळ वाहू न देता. मी म्हणायचे, हट्टीपणा. मी म्हणायचे, प्लंबरचा अहंकार, स्वतःच्या कामात खोट निघू द्यायची नाही. मी किती हुशार होते.

ते खुर्चीतच होते. रेडिओ बंद होता. समोर टेबलावर काचेचा मोठा जग भरलेला होता, कारण कामकऱ्यांनी सांगितलं होतं की दुपारपर्यंत पाणी बंद राहील, भरून ठेवा. झेनेकच्या बाटल्या घरात भरपूर होत्या. जग त्यांनी स्वतःसाठी भरून ठेवला होता. मी पाइपचा तुकडा ओट्याखालच्या कपाटात टाकायला वाकले, पण तो इतका जड होता की ठेवताना आवाज झालाच, आणि तो आवाज त्यांनी ओळखला. “आण इकडे,” ते म्हणाले. मी आणला. त्यांनी तो सांध्यावरून अंगठा फिरवत फिरवत पाहिला, एकदा, दोनदा, जशी आई कणीक तिंबून झाली का ते पाहायची. “उजेड हलला होता तुझा,” ते म्हणाले, “इथे बघ, जरा जाड राहिलंय.” मला रडू फुटलं. मी म्हटलं, “तुम्हाला कधीपासून माहीत आहे?” ते म्हणाले, “पत्रक मलाही वाचता येतं.” बाहेर यंत्राची घरघर चालली होती. “तुझ्या आईला मी विचारायचो, कुणावर गेलाय म्हणून. शेवटी दवाखान्यातसुद्धा विचारलं. तिला, शेवटी.” मी म्हटलं, तातो, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, नियमच तसा होता. “नियम होता,” ते म्हणाले, “हात माझा होता.” पाइप घालणारा हात की उठणारा हात, हे मी विचारलं नाही. बहुतेक त्यांनाही वेगळं करता येत नसावं. मी म्हटलं, “मग झेनेकला सांगा.” ते माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. “काय सांगू?” ते म्हणाले, “त्याला काय कळणार आहे?” आणि लगेच त्यांनी ओठ मिटून घेतले, कारण हे वाक्यसुद्धा तेच जुनं होतं.

त्यांनी जगमधून ग्लास भरला आणि पुढ्यात ठेवला, पण प्यायले नाहीत. तेवढ्यात मागच्या दाराने झेनेक आला, हेल्मेटसकट, चिखलाचे बूट फरशीवर उमटवत. “हालिन्का, नवा तांब्याचा आहे. सोन्यासारखा. टेरेल म्हणाला, पहिला नळ मी सोडायचा. आधी पुष्कळ वेळ वाहू द्यायचं, पहिलं पाणी प्यायचं नाही. मला सांगितलंय त्याने, माझ्या लक्षात आहे.” तो घामाने निथळत होता. त्याच्या बाटल्या तळघरात होत्या आणि ग्लास समोर होता. त्याने तो उचलला. मी काही बोलायच्या आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. गेल्या कित्येक वर्षांत जे आधाराशिवाय उभे राहिले नव्हते ते तातो उभे होते, आणि त्यांचा तो मोठा हात उठलेला होता. हात खाली आला तो ग्लासावर. काच ओट्यावर आपटून फुटली, पाणी भिंतीवर, माझ्या अंगावर, झेनेकच्या शर्टावर उडालं. झेनेकने दोन्ही कोपर चेहऱ्यापुढे धरले. साठीचा माणूस, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि कोपरांमागून तोच आवाज आला, जो मी लहानपणी उशी कानावर दाबून ऐकला होता.

“मी नाही केलं, तातो.”

तातो टेबलाला धरून उभे होते. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी दुसरा हात पुढे केला, झेनेक आणखी मागे सरकला, भिंतीला लागला. तातोंनी त्याचं एक कोपर धरलं आणि हळूच खाली केलं, मग दुसरं. झेनेकचे डोळे घट्ट मिटलेले होते.

“नाही,” तातो म्हणाले. “तू नाही केलंस. मी केलं.”

झेनेकने एक डोळा उघडला. मग दुसरा. त्याने फुटक्या ग्लासाकडे पाहिलं, तातोंच्या बोटाकडे पाहिलं, आणि नेहमीसारखं थोडं उशिरा त्याला कळलं. “हो,” तो म्हणाला, “मी पाहिलं. तुम्हीच केलं.” आणि काचा उचलायला तो खाली वाकला.